दुपारी चारनंतर पाणी नको म्हणे!

“घाईच्या लघवीच्या गोळ्या म्हणजे विष. किडन्या जातात, डोकं भ्रमिष्ट होतं, जन्माची सवय लागते. त्यापेक्षा दुपारी चारनंतर पाण्याचा थेंब घेऊ नका आणि मूठभर तीळ चावा.” आमच्या घरच्या ग्रुपवर हे तीनदा आलं, मी सोडून दिलं. मग अकोल्याच्या आत्यानं ते वाचलं आणि ऐन मे महिन्यात गोळी आणि पाणी दोन्ही सोडलं. आठवड्यात लघवीला जळजळ, ताप, सलाइन.

म्हणून आधी पाण्याचंच बोलू. पाणी तोडलं की लघवी दाट, पिवळीजर्द होते. तशी लघवी मूत्राशयाला जास्त टोचते आणि घाई उलट वाढू शकते. शौचाला खडा होतो, त्याचाही दाब मूत्राशयावर येतो. जंतुसंसर्गाला रान मोकळं. एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायकांना हे मी काय सांगणार! झोपण्याआधी चहा-पाणी आवरा, असं डॉक्टरही सांगतात. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात चारपासून कोरडं? लिहिणाऱ्यानं आधी स्वतः राहून दाखवावं.

किडन्यांचं म्हणाल तर गोळीचं काम तिथं नाहीच, ती मूत्राशयाच्या स्नायूचं अवेळी आवळणं थोपवते. किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी ठेवतात. सवय? गोळी बंद केल्यावर जुना त्रास परतणं म्हणजे व्यसन नव्हे.

डोक्याचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. ऑक्सिब्युटिनिन ही यातलीच एक गोळी. तिच्या वर्गातली औषधं वर्षानुवर्षं घेतलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंश जास्त दिसला, असं अमेरिकेतल्या २०१५च्या आणि ब्रिटनमधल्या २०१९च्या अभ्यासांत आलं. त्यानं कारण सिद्ध होत नाही, पण वय झालेल्यांना ही गोळी जपूनच द्यावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही आधी सांगावं.

आणि गुण? औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात १०४ चाचण्या, ४७ हजारांवर माणसं होती. खोट्या गोळीच्या तुलनेत या वर्गातल्या औषधांनी लघवीच्या खेपा दिवसाला जेमतेम एकानं घटल्या. तोंड कोरडं पडणं साडेतीन पट. आकडा किरकोळ वाटेल, पण ती एक खेप भर बाजारातली असली तर?

आत्याचंही तोंड कोरडं पडायचं. डॉक्टरांनी आता मिराबेग्रॉन दिलंय. ते दुसऱ्या वर्गातलं, तोंड फारसं कोरडं करत नाही. पण बीपी वाढवू शकतं, म्हणून ती दर आठवड्याला मोजून घेते. ग्रुपवर काल तोच निरोप पुन्हा आला. या वेळी तिळाच्या जागी ओवा.