काका, चार्जर आणि दोन काड्या

परवा खंडेराव मार्केटच्या दाराशी, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्यात सुटे पैसे अशा अवस्थेत आमच्या स्वित्झर्लंड टूरमधल्या काकांनी मला गाठलं. सोबत त्यांचे सकाळच्या फिरण्यातले दोन मित्र. "ह्याच त्या," काकांनी ओळख करून दिली. "स्वित्झर्लंडात ह्यांचा कॅमेरा बसला. मी दोन काड्यांत चालू करून देत होतो. पण बाईमाणूस, घाबरल्या." मग माझ्याकडे वळून, "टिटलिसचे फोटो पाठवा ने ताई, कधीचे राहिलेत!" मित्रांनी हळहळ व्यक्त केली. कोणाबद्दल, ते कळलं नाही.

मी घाबरले नव्हते. वीज थोडीफार कळणारा कोणीही जे म्हणेल तेच म्हणाले, की नको. हे काकांना तिथेच सुनवायला हवं होतं, पण मेथीवाला पैसे मागत होता.

प्रसंग तसा किरकोळ. लुझर्नच्या हॉटेलात रात्री बॅटरी चार्जिंगला लावली आणि चार्जरचा दिवा लागेना. दुसऱ्या दिवशी टिटलिसच्या बर्फाळ डोंगरावर जायचं होतं. ग्रुप सगळा आमच्या बडोद्याचा, निम्मा दांडिया बाजार आणि निम्मा रावपुरा, त्यामुळे माझ्या खोलीतली बातमी जेवणाच्या टेबलावर माझ्या आधी पोचली.

चार्जरला दोष देण्याआधी भिंतीपासून सुरुवात करायची असते. दाराशेजारच्या खाचेत खोलीचं कार्ड आहे का, हे आधी बघायचं. तिकडच्या कितीतरी हॉटेलांत कार्ड काढलं की खोलीतली वीज बंद. आपण बॅटरी लावतो, कार्ड खिशात घालून जेवायला जातो, आणि परत येऊन बघतो तर बॅटरी होती तिथेच. (छोट्या फ्रीजचं सॉकेट पुष्कळदा कार्डाशिवायही चालू असतं. फ्रीजमागे वाकून बघायला लाजू नये.) मग त्याच सॉकेटला, त्याच अॅडॉप्टरमधून मोबाईल लावून बघायचा. तो चार्ज होत असेल तर दोघेही निर्दोष. मग केबल. वेगळी केबल लागणाऱ्या बहुतेक कॅमेरा-चार्जरांचं तोंड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असतं, जुन्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-टेपला असायचं तेच. ही केबल अडीच अँपियरची असते आणि चार्जर मागतो जेमतेम दहा-पंधरा वॅट, तिच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे त्या तोंडाची कुठलीही केबल चालते. खोलीतल्या टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मागे हात घातला तर बरेचदा तीच हाताला लागते. शिवाय तिचं दुसरं टोक त्याच देशाच्या सॉकेटसाठी केलेलं, म्हणजे अॅडॉप्टरचीही कटकट नाही. सकाळी जागच्या जागी लावून ठेवायची, एवढंच.

तेवढ्यानेही भागलं नाही तर चार्जरचा प्लग काढून आतल्या धातूच्या पट्ट्या आणि बॅटरीची टोकं साध्या खोडरबराने पुसायची. पॉलिशपेपर लावायचा नाही, वरचा मुलामा जातो आणि मग ती जागा कायमची काळवंडत राहते. शेवटी दुसरी बॅटरी लावून बघायची. पहिली फार खोल उतरलेली असेल तर चार्जर तिला नाकारतो आणि दिवा भराभरा लुकलुकवतो. ती तक्रार बॅटरीची, चार्जरची नव्हे.

माझा दिवा टीव्हीच्या केबलनेही लागला नाही. चार्जरच्या तोंडाशी केबल जराशी दाबली की क्षणभर लागे आणि विझे. निदान झालं. केबल जिथे आत शिरते त्या सॉकेटचं सोल्डर, म्हणजे जोडणारा धातूचा टाका, आतून तडकलेलं. केबल चार्जरलाच खोचलेली ठेवून, वर गुंडाळून, बॅगेच्या कोपऱ्यात कोंबली की ताण नेमका तिथे येतो. बॅग ह्यांनी भरली होती, ते असो. अशी केबल दाबून धरून, खाली पुस्तक-बिस्तक लावून चार्जिंग करत बसू नये. तडकलेल्या जागी ठिणग्या पडतात आणि रात्रभरात प्लास्टिक वितळू शकतं.

एवढ्यात काका आले. काका निवृत्त इंजिनिअर. कसले, हे त्यांनी अख्ख्या टूरमध्ये उघड केलं नाही, फक्त "आमच्या लाईनमध्ये" अशी सुरुवात करतात. त्यांनी माझ्या हातातला चार्जर घेतला आणि ह्यांच्याकडे वळले.

"काय झालं साहेब?"

ह्यांना कॅमेऱ्यातलं एक बटण माहीत आहे, तेही सेल्फी काढून झाल्यावर. ते माझ्याकडे बघू लागले.

"काका, चार्जरच्या आत सोल्डर सुटलंय," मी म्हटलं.

"साहेब, प्लग बसत नसणार," काका ह्यांना म्हणाले. "युरोपात हाच वांधा."

"प्लग बसतोय, काका."

"ह्याला एकच उपाय, साहेब. केबल कापायची, दोन तारा सोलायच्या, भोकांत घालायच्या आणि वरून काड्या ठोकायच्या. गणपतीत मंडपाचं अख्खं लायटिंग असं चालवलंय मी."

"पण केबल चांगली आहे, काका. तीच तेवढी चांगली आहे."

"चांगली आहे ने? मग कापायला काय वांधा!"

ह्यावर काय बोलणार! मी शब्द शोधेपर्यंत काका खाली रिसेप्शनवर पोचले होते. मागोमाग मी, माझ्यामागे हे, आणि ह्यांच्यामागे काकू, चकलीचा डबा घेऊन.

"मॅच बॉक्स," काका काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

तिने हसून बाहेरच्या दाराकडे बोट केलं. स्मोकिंग बाहेर.

"नो नो. नो स्मोकिंग. इलेक्ट्रिक."

मुलीचं हसू जरा कमी झालं. काकांना वाटलं, इंग्रजी कच्चं असणार बिचारीचं. त्यांनी खुणांनी समजावलं. दोन बोटं ताठ केली, भिंतीतल्या सॉकेटकडे नेली आणि तोंडाने "ठक, ठक" असा आवाज काढला. "टू स्टिक. होल. फिनिश."

फिनिश ऐकल्यावर तिने फोन उचलला. मी पुढे होऊन सांगितलं की कोणी काही पेटवणार नाहीये, कॅमेऱ्याचा चार्जर बिघडलाय. तिने फोन ठेवला आणि काउंटरखालून प्लास्टिकचा एक खोका काढला. जवळजवळ प्रत्येक हॉटेलात असा खोका असतो आणि तो मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. पाहुणे विसरून गेलेले चार्जर, केबली, अॅडॉप्टर सगळं त्यात साठतं. दिवा न लागण्याच्या रात्री पहिली धाव तिथेच घ्यावी. माझ्या बॅटरीच्या आकाराचा चार्जर त्यात नव्हता. काकांनी मात्र खोक्यात हात घालून एक मोबाईलची केबल उचलली, "कोणाची नाही ने?" असं आम्हा सगळ्यांना मराठीत विचारलं आणि खिशात घातली.

परत येताना लिफ्टमध्ये दुसरा उपाय निघाला. "साहेब, मोबाईलचा चार्जर आहे ने? त्याच्या तारा थेट बॅटरीला." आता, अशा कॅमेऱ्यांची बॅटरी ७.२ व्होल्टची असते, म्हणजे आत दोन सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतो, दोन्ही मिळून ८.४. मोबाईलचा साधा चार्जर देतो ५. खालच्या टाकीतलं पाणी पंपाशिवाय गच्चीवर चढत नाही, तसंच हे. आणि उलट बाजूने बारा व्होल्टचा कुठलातरी अॅडॉप्टर लावला तर तो थांबायचं नावच घेणार नाही. खरा चार्जर आधी ठरावीक करंट देतो, ८.४ ला पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी-कमी करत नेतो आणि मग बंद होतो. बॅटरीवर धन-ऋण सोडून जी आणखी टोकं दिसतात त्यांतलं एक तापमान कळवायला असतं. नुसत्या दोन तारा लावल्या की हे राखणदार बाहेर राहतात. बॅटरी फुगते, कधी पेटते. हे मी लिफ्टमध्ये सांगितलं. काका ह्यांना म्हणाले, "ताईंचं वाचन चांगलं आहे."

तिसरा उपाय उन्हाचा. पूर्वी रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे, तशी बॅटरी सकाळी खिडकीत ठेवा. लिथियमची बॅटरी उन्हाने भरत नाही, फार तापली तर बिघडते. पण इथे मला सगळ्यात जास्त राग आला तो काका निम्मे बरोबर निघाले म्हणून. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि कॅमेरा ती संपल्याचं दाखवतो. तीच काढून आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली की थोडा जीव परत येतो. तीन हजार मीटर उंचीवर बर्फात उभं राहायचं असेल तर दोन बॅटऱ्या आलटून-पालटून, एक कॅमेऱ्यात आणि एक स्वेटरच्या आत, हीच पद्धत.

ह्या बाबतीत दादासाहेब फाळके सुखी होते. आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला माणूस. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आला. दांडा हाताने फिरवायचा, बॅटरीचं नाव नाही. तिकडच्या सॉकेटला कसल्या पिना लागतात, हा प्रश्नच त्यांना पडला नसणार. आज जाणाऱ्याला पडतो. आपल्या पाच अँपियरच्या प्लगच्या पिना साधारण पाच मिलिमीटर जाड, युरोपातल्या चपट्या दोन-पिनी प्लगच्या चार. इकडे दुकानात "युरोपचा" म्हणून जो गोल, जाडजूड अॅडॉप्टर गळ्यात मारतात तो जर्मनीत बसतो, पण स्वित्झर्लंडच्या षट्कोनी खळग्यात शिरतच नाही. बारीक पिनांचा, चपट्या अंगाचा घ्यावा, तो जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड तिन्हीकडे चालतो. इंग्लंडला वेगळा, तीन चौकोनी पिनांचा. तिथल्या सॉकेटच्या भोकांना आतून झडपा असतात आणि अर्थिंगची लांब पिन शिरल्याशिवाय त्या उघडत नाहीत. म्हणजे काकांच्या काड्या लंडनला दारातच अडल्या असत्या. आणि अॅडॉप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर "१००–२४० व्होल्ट" छापलेलं असेल तर काळजी नाही, जपानच्या १०० व्होल्टवरही चालेल.

त्या रात्री कॅमेऱ्यात निम्मी बॅटरी होती. ती पुरवायची युक्ती अशी, की वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस बंद करायचं, फोटो काढल्यावर तो पडद्यावर दिसणं बंद करायचं, पडद्याचा उजेड कमी करायचा, आणि आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा असेल तर पडद्याऐवजी डोळा लावूनच बघायचं. सगळं केलं. सकाळी बस सुटण्याआधी लुझर्नच्या त्या जुन्या लाकडी पुलावर काकांनी काकूंसह उभं राहून फर्मावलं, "ताई, एक आमचा." काकूंचे डोळे मिटले. परत. मागून बदक गेलं. परत. काकांना मफलर काढून हवा होता, मग घालून. मग ग्रुपचा. मग ग्रुपमध्ये साहेब राहिले म्हणून पुन्हा. टिटलिसवर पोचून कॅमेरा काढला तर त्याने एकदा डोळा उघडला आणि मिटला. काका शेजारीच होते. म्हणाले, "मोबाईलवर काढा ने! आजकाल मोबाईलच चांगले येतात."

जो कॅमेरा यूएसबीने थेट चार्ज होतो त्याच्या मालकांनी ह्यावर हसू नये. निकॉनच्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या दिसायला एकसारख्या, पण झेड६, झेड७ कॅमेऱ्यांत घालून केबलने चार्ज करायची असेल तर नावापुढे "बी" किंवा त्यानंतरची "सी" असलेली लागते. साधी किंवा "ए" असलेली कॅमेरा चालवते, पण त्यात चार्ज होत नाही. एका अक्षरावर टूर जाते. म्हणून निघण्याआधी घरीच एकदा त्याच केबलने, त्याच बॅटरीने करून बघावं. जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या, टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. आणि स्वित्झर्लंडात रविवारी बहुतेक दुकानं बंद. काही विकत घ्यायचं तर मोठं रेल्वे स्टेशन किंवा विमानतळ गाठायचा. तिथे मिळतं, पण किंमत वाचून माणूस आधी रुपयांत गुणाकार करतो आणि मग खिडकीतून डोंगर बघतो.

मी डोंगर बघितले. चार्जर बडोद्याला येऊन दुरुस्त झाला. दुकानदाराने चार स्क्रू काढले, जुनं सोल्डर शोषून घेतलं, सॉकेट सरळ बसवून नवीन टाके घातले, आतल्या कंडेन्सरला हात लावायच्या आधी तो रिकामा करून घेतला. स्वच्छ काम. बिघाड मी सांगितला होता तोच निघाला. दिवा लागला तेव्हा त्याने चार्जर ह्यांच्या हातात दिला आणि ह्यांना बजावलं, "साहेब, केबल लावून गुंडाळू नका." पावतीही ह्यांच्याच नावाने फाडली.