किंमत उतरली, मग तक्रार कशाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच कंपन्या उरल्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. टेराबाइटमागची किंमत वर्षानुवर्षं उतरतच आली आहे, मग ग्राहकाचं नुकसान झालं कुठे? २०११ ची महागाई थायलंडच्या पुरामुळे आली, विलीनीकरणामुळे नाही. एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) डझनावारी ब्रँड आहेत, म्हणजे स्पर्धा जिवंत आहे. ज्याला काळजी वाटते त्याने दोन वेगळ्या ब्रँडच्या डिस्क घ्याव्यात, विषय संपला. आणि सीगेटने सॅमसंगचा ‘स्टोरेज व्यवसाय’ विकत घेतला हे माझं वाक्य चुकीचं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. ती चूकच होती. सीगेटने घेतला तो फक्त हार्ड डिस्कचा धंदा, १.३७५ अब्ज डॉलरला. फ्लॅश मेमरी आणि एसएसडी सॅमसंगकडेच राहिले. लेखात दुरुस्ती केली आहे.

किमतीचंही मान्य. पूर्वी हिताचीचा विभाग असलेल्या एचजीएसटीने २०१३ मध्ये हेलियम भरलेली, सात तबकड्यांची ६ टेराबाइटची डिस्क आणली. सीगेटने जानेवारी २०२४ मध्ये लेझरने तबकडी तापवून लिहिणाऱ्या, तबकडीमागे ३ टेराबाइट बसवणाऱ्या डिस्क जाहीर केल्या. असल्या संशोधनाचा खर्च लहान कंपन्यांना पेलला नसता, हे खरं आहे. पण किंमत ही सगळ्यांना दिसणारी गोष्ट. तिच्यावर नजर असते. विकणारे कमी झाले की कात्री आधी लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना: वॉरंटीची मुदत, डब्यावर न छापलेली माहिती, त्याच नावाखाली बदललेला माल. माझी तक्रार याबद्दल आहे, आणि लेखात ती पुरेशी स्पष्ट उतरली नव्हती.

२०११ कडे जरा बारकाईने बघू. मार्चमध्ये वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा हार्ड डिस्क विभाग, म्हणजे एचजीएसटी, घेण्याचा करार जाहीर केला. एप्रिलमध्ये सीगेट आणि सॅमसंगचा झाला. अशा व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या युरोपियन कमिशनकडे सीगेटचा रीतसर अर्ज १९ एप्रिलला दाखल झाला, वेस्टर्न डिजिटलचा २० एप्रिलला. कमिशनचा नियम ‘आधी येईल त्याचा विचार आधी’ असा. त्यामुळे सीगेटचा व्यवहार पाच उत्पादकांचा बाजार धरून तपासला गेला आणि ऑक्टोबरमध्ये विनाअट मंजूर झाला. वेस्टर्न डिजिटलचा व्यवहार मात्र सॅमसंग आधीच गेली असं धरून तपासला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली ती ३.५ इंची डिस्कच्या उत्पादनाची साधनं विकण्याच्या अटीवर. ती तोशिबाने घेतली. आज डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये तोशिबा हा तिसरा पर्याय दिसतो, त्याच्या मुळाशी एका दिवसाचा हा फरक आहे. चीनने तर एचजीएसटी वेगळी चालवण्याची अट घातली होती, ती २०१५ च्या ऑक्टोबरात सैल झाली. जगभरच्या नियामकांना चौथा-पाचवा उत्पादक जाणं इतकं महत्त्वाचं वाटलं, ते उगाच नाही.

पूर मात्र तुम्ही म्हणता तसा निसर्गाचाच. वेस्टर्न डिजिटलचे बँग पा-इन आणि नवनाकोर्नचे कारखाने पाण्याखाली गेले, मोटर बनवणाऱ्या निडेकचंही नुकसान झालं, आणि अनेक मॉडेलांच्या किमती काही आठवड्यांत दुपटीच्या घरात पोचल्या. त्याचा दोष मी विलीनीकरणाला देत नाही. पण डिसेंबरमध्ये काय झालं ते बघा. सीगेटने ३१ डिसेंबर २०११ पासून साध्या बॅराकुडा डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून एका वर्षावर आणली. वेस्टर्न डिजिटलने २ जानेवारी २०१२ पासून कॅव्हिअर ब्लू, ग्रीन आणि स्कॉर्पिओ ब्लूची तीनवरून दोनवर. कारखान्यातलं पाणी ओसरलं, किमती पुढे खाली आल्या, पण सीगेटची ती साधी डिस्क पुन्हा तीन वर्षांवर गेली नाही. दोघांनी संगनमत केलं असं माझं म्हणणं नाही. त्याची गरजही नव्हती; ग्राहकाला जायला तिसरं दुकान जवळपास नव्हतं, एवढं पुरेसं होतं.

संगनमत सिद्ध झालं ते सुट्या भागात. लिहिणारं हेड तबकडीवर तोलून धरणारी जी पातळ पोलादी पट्टी असते, सस्पेन्शन, तिच्या किमतींवरून जपानच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये टीडीके गट आणि एनएचके स्प्रिंग यांच्यावर कारवाई केली. अमेरिकेत २०१९ मध्ये एनएचके स्प्रिंगने गुन्हा कबूल केला आणि २.८५ कोटी डॉलर दंड मान्य केला. वरचा ब्रँड कुठलाही असो, आत हे भाग पुरवणारे मोजकेच असतात.

आता एसएमआर. माझ्या मते संपूर्ण वादातलं सगळ्यात ठोस उदाहरण हेच. साध्या सीएमआर डिस्कमध्ये माहितीचे ट्रॅक शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच तबकडीत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. डिस्क हे लपवायला नवीन मजकूर आधी एका राखीव पट्ट्यात घेते आणि निवांत वेळी जागच्या जागी लावते. रेडमध्ये (RAID, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत; ‘डब्ल्यूडी रेड’ या ब्रँडशी संबंध नाही) बिघडलेली डिस्क बदलून तिच्यावरची माहिती पुन्हा लिहायला, म्हणजे पुनर्बांधणी, सुरू केली की निवांत वेळ मिळतच नाही. राखीव पट्टा भरतो, डिस्क उत्तर द्यायला वेळ लावू लागते, आणि प्रणाली तिला बिघडलेली समजून बाहेर काढते. ती चांगली असतानासुद्धा!

२०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणूक पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या डिस्क एसएमआर होत्या आणि डब्यावर त्याचा उल्लेख नव्हता. जुन्या सीएमआर मॉडेलच्या क्रमांकात ‘ईएफआरएक्स’, नव्यात ‘ईएफएएक्स’. फसगत अशी की ८ टेराबाइटची ‘ईएफएएक्स’ मात्र सीएमआरच होती, म्हणजे नुसत्या अक्षरांवरूनही कळत नव्हतं. ४ टेराबाइटच्या डिस्कवर झेडएफएसची (रेडसारखंच काम करणाऱ्या फाइल सिस्टिमची) पुनर्बांधणी एका प्रकाशित चाचणीत सीएमआरवर दिवसाच्या आत उरकली, या एसएमआरवर नऊ दिवस उलटून गेले. त्याच सुमारास सीगेटच्या काही बॅराकुडा आणि तोशिबाच्या काही पी३०० मॉडेलांतही एसएमआर असल्याचं समोर आलं. तिन्ही उत्पादकांनी तेच केलं होतं. पाच-सहा उत्पादक असते तर ‘आमच्या सगळ्या डिस्क सीएमआर’ अशी जाहिरात कुणीतरी पहिल्या दिवसापासून केली असती. गदारोळ झाल्यावर सीगेटने आपल्या नॅससाठीच्या आयर्नवुल्फ मालिकेबद्दल ते सांगितलं, आणि वेस्टर्न डिजिटलने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ नाव दिलं.

एसएसडीचे डझनावारी ब्रँड हे खरं, पण आतली माहिती साठवणारी नँड चिप बनवणारे मोजकेच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सँडिस्क आणि चीनची वायएमटीसी. त्यातही किऑक्सिया आणि सँडिस्क यांचे जपानमधले कारखाने भागीदारीत चालतात. इंटेलचा नँड धंदा हायनिक्सने घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्याच क्रूशियलच्या पी२ मध्ये २०२१ साली टीएलसी चिप जाऊन तिच्याहून हळू आणि कमी टिकणारी क्यूएलसी आली होती, नाव तेच ठेवून. स्टिकर वेगळे म्हणून स्पर्धा आहे असं मानणं मला पटत नाही.

म्हणूनच ‘दोन ब्रँड घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. लासी हा सीगेटचाच ब्रँड. एचजीएसटी आणि अल्ट्रास्टार वेस्टर्न डिजिटलचे. ट्रान्सेन्ड किंवा एडेटाच्या पोर्टेबल हार्ड डिस्कमध्येही डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन वेगळ्या रंगांचे डबे आणले तरी आत एकाच कारखान्याचा माल निघू शकतो. डिस्क जोडून ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमला तिची ओळख विचारा, खरा उत्पादक आणि मॉडेल क्रमांक बहुतेक वेळा तिथे कळतो. तो क्रमांक कंपनीच्या डेटाशीटमध्ये शोधा आणि ‘रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी’ची ओळ वाचा. ती ओळ नसेल तर डिस्क रेडमध्ये घालू नका. लिनक्समध्ये डिस्कच्या यादीतल्या ‘झोन्ड’ (zoned) रकान्यात ‘नन’ (none) दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण स्वतःच सगळं सांभाळणारी एसएमआर डिस्कही तेच दाखवते.

डेटाशीट मिळत नसेल तर रिकाम्या डिस्कवर चाचणी करा. आधी पूर्ण डिस्क एकदा सलग लिहून भरा. ४ टेराबाइटला साधारण आठ तास धरा. मग अर्धा-पाऊण तास विखुरलेल्या जागी लिहीत राहा. सीएमआरचा वेग कमी पण एकसारखा राहतो. एसएमआर सुरुवातीला झपाट्याने लिहिते आणि मग जवळजवळ थांबते. रेडमध्ये घालायच्या डिस्कला चूक सापडल्यावर किती वेळ झगडायचं याची मर्यादा घालता येते का तेही तपासा. ही मर्यादा ‘एससीटी ईआरसी’ या सेटिंगमध्ये असते; तिथे ७० लिहिलं की सात सेकंद होतात. लिनक्स स्वतः ३० सेकंद थांबतो, आणि मर्यादा नसलेल्या डेस्कटॉप डिस्क त्याहून जास्त वेळ घेऊ शकतात.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण तुम्ही बॅकअपसाठी पोर्टेबल डिस्क वापरता असं लिहिलंत म्हणून सांगतो. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच २.५ इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं, आत साटा (डिस्क संगणकाला जोडायची नेहमीची) जोडणी नसते. सॉकेट तुटलं तर कवच उघडून दुसऱ्या केबलला लावता येत नाही, बोर्डावर डागकाम करावं लागतं. त्यामुळे दुसरी प्रत शक्यतो साध्या साटा डिस्कवर, वेगळ्या डबीत ठेवा, आणि दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका.