कात्री लागते ती देखभालीलाच
खर्चावर कायद्याने मर्यादा घातली की नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांना आपोआप शिस्त लागते, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. अंदाजपत्रकाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते यांना हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती देखभालीला. गळकी जलवाहिनी बदलायची फाइल ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा घेऊन परत येते. वाहिनी फुटली की तेच काम तातडीचं म्हणून कितीतरी महाग पडतं.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात १९९२ साली मतदारांनीच अशी मर्यादा त्या राज्याच्या घटनेत घातली. पुढे तिथल्या अनेक शहरांनी पुन्हा मतदान घेऊन ती स्वतःपुरती सैल करून घेतली. याचा लेखात उल्लेखही नसावा? मर्यादा घालायचीच असेल तर निदान देखभाल-दुरुस्ती तिच्याबाहेर ठेवा.