वॉरंटीचा बागुलबुवा आणि माझा ग्लोव्हबॉक्स

"साहेब, बाहेर कुठे हात लावू नका हं, वॉरंटी जाईल."

गाडी घेतल्यापासून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पहिली दोन वर्षं मी बॉनेटसुद्धा घाबरत उघडायचो. आणि हा मी त्या घरातला, जिथे वडील दर रविवारी स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे!

गेल्या वर्षी एसी लावला की कुबट वास यायला लागला. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं: एसी डिसइन्फेक्शन, एव्हॅपोरेटर (एसीचा हवा गार करणारा भाग) क्लीनिंग, केबिन फिल्टर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा), लेबर वेगळं. चार हजारांच्या आसपास. "विचार करून सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन मॅन्युअल काढलं. ग्लोव्हबॉक्स, म्हणजे डाव्या सीटसमोरचा कप्पा, रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली पाडायचा, मागे एक आडवं झाकण. फिल्टर ओढला तर घड्याघड्यांत गुलमोहराची वाळकी बारीक पानं, एक मेलेली गांधीलमाशी आणि काळी ओलसर धूळ. गाडी वर्षभर सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी असते, दुसरं काय निघणार? ओरिजिनल फिल्टर पाचशेच्या आत मिळाला. हवेच्या दिशेचा बाण त्याच्यावरच छापलेला असतो, तो बघून बसवला. अर्धा तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं मी मोडलेल्या क्लिपचा तुकडा सीटखाली शोधण्यात गेली. वास गेला.

मग वॉरंटी गेली का? बुकलेट एकदा नीट वाचा. बारीक अक्षरात आहे, चष्मा लावून वाचा. फिल्टर, वायपर, ब्रेक पॅड, बल्ब या नेहमीच्या झिजेच्या वस्तूंना साधारणपणे वॉरंटी नसतेच. जे मिळालेलंच नाही ते जाणार कुठून?

आणि आपल्याकडे यावर स्पष्ट आदेश आहे, हे फार जणांना माहीत नसतं. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. मुद्दा सुटे भाग आणि बाहेरच्या गॅरेजांची कोंडी हा होता. आयोगाने म्हटलं की गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचं घोडं कोर्टात अडलं. पण ते तत्त्व मला साध्या अकलेलाही पटतं. मी केबिन फिल्टर बदलला म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम कसा काय नाकारणार?

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल हा चिथावतोय. माझ्या मेहुण्याने बाजारातून झगझगीत एलईडी दिवे लावून घेतले. दुकानातल्या पोराने कपलर (वायर न कापता जोडायचा तयार प्लग) न वापरता मूळ वायर कापून जोड दिला, वर काळी टेप. पहिल्याच पावसाळ्यात निम्म्या गाडीचं इलेक्ट्रिकल बसलं. क्लेम नाकारला, आणि माझ्या मते बरोबर नाकारला. भाऊजी म्हणून मी त्याच्या बाजूने भांडायला हवं होतं, पण ती टेप बघितल्यावर तोंडच उघडवेना. वायर कापायची नाही, एवढं एक पाळा. एअरबॅगच्या आसपास आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला तर हातच लावू नका. तिथे वॉरंटीचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

ऑइल मी घरी बदलत नाही. येत नाही असं नाही, पण वॉरंटी आहे तोवर ठरलेल्या किलोमीटरची सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करतो. उद्या इंजिनाचा क्लेम करायची वेळ आली तर पहिलं मागतील ते सर्व्हिस रेकॉर्ड. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या असतात, त्याही वाचा. शिवाय साडेतीन लिटर जळकं ऑइल सोसायटीत कुठे ओतू? गटारात ओतणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

बाकी सगळं मीच करतो: एअर फिल्टर, वायपर, टायरची हवा (आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, पंपवाल्याच्या मनात नाही), बॅटरीचे टर्मिनल. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. कूलंटचं झाकण मात्र इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नका, आणि टॉप-अप मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचंच करा. प्रत्येक वेळी पार्टचं बिल आणि ओडोमीटरसकट एक फोटो फाइलमध्ये टाकतो. बायको त्या फाइलला गाडीची पत्रिका म्हणते.

मागच्या सर्व्हिसला एस्टिमेटमध्ये पुन्हा केबिन फिल्टर होता. मी फोटो दाखवला, तारीख दाखवली. काउंटरवरच्या मुलाने एक शब्द न बोलता ती ओळ काढून टाकली. खालची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनिंगची ओळ मात्र त्याने राहू दिली होती, ती मी काढायला लावली. मॅन्युअलच्या वेळापत्रकात ती नव्हतीच.

गुलमोहर पुन्हा गळायला लागलाय. रविवारी ग्लोव्हबॉक्सखाली डोकं घालायचंय. क्लिप अजून तुटलेलीच आहे, तिची वॉरंटी मागायला जाणार नाही.