तबकडी बांधापलीकडं

हुरड्याच्या दिवसांत पाहुणे येणारच, त्याची तक्रार नाही. गोवऱ्यांची आगटी, कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, दही आणि लवंडायला एक बाज, एवढ्यासाठी माणसं पुण्याहून गंगाखेडपर्यंत येतात. यंदा फिनलंडला नोकरीला असलेला भाचा आला आणि कणीस हातात घ्यायच्या आधी त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या तबकड्या काढल्या.

"मामा, डिस्क गोल्फ! तिकडं लोक सुट्ट्या टाकून यासाठी गावोगाव फिरतात."

खेळ गोल्फचाच. चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पडली पाहिजे. एक टोपली झाली की पुढची, अशा बहुधा अठरा. मधे झाडं, चढउतार, पाणी. फिनलंडात अशी मैदानं शेकड्यांनी आहेत आणि बरीचशी फुकट. माझ्या मते यातला निम्मा वेळ तबकडी शोधण्यात जातो. हरवलेली वस्तू झुडपात शोधणं हे पर्यटन असेल, तर आमच्याकडचा प्रत्येक गुराखी जग फिरून आलेला आहे.

भाच्यानं दावणीच्या साखळ्या सोडल्या, बांधाजवळच्या बाभळीला गोल टांगल्या, खाली घमेलं ठेवलं. साखळी तबकडीचा जोर मारते आणि तबकडी अलगद खाली पडते, ही युक्ती एड हेड्रिक नावाच्या अमेरिकन माणसाची. या खेळाचं पहिलं कायमचं मैदान त्यानंच कॅलिफोर्नियात १९७५ साली आखलं. २००२ साली तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून तबकड्या काढल्या.

इथं आईनं सुपातले दाणे पाखडायचे थांबवले.

"राख? तबकडीत?"

"हो आजी."

"गंगा नव्हती का तिकडं?" मग बाभळीकडं बघून म्हणाली, "आन् ती वर काट्यात गुतली म्हंजे? मधीच लटकला की रे बिचारा. ना खाली ना वर."

भाच्यानं पिशवीतल्या तबकड्या साध्याच असल्याची खात्री दिली. तरी आईनं त्यांना पाय लागू नये म्हणून त्या बाजेवर ठेवायला लावल्या. त्यामुळं माझी लवंडायची जागा गेली.

मग मला उभं केलं. पहिली फेक पायापासून चार पावलांवर पडली, ती सुद्धा उभी. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, त्यातल्या एकीत तबकडी सरळ सरकली. वर फक्त बोटभर केशरी कड दिसत होती. विळ्याच्या टोकानं उकरून काढली. फिनलंडात असं होत नाही म्हणे. त्यांना काळी माती कुठली?

दुसरी मात्र लांब गेली आणि खरा घोटाळा झाला. उजव्या हाताच्या माणसानं छातीसमोरून फेकलेली तबकडी वेग मंदावला की डावीकडं कलते. हा विज्ञानाचा नियम आहे. आमच्या रानाच्या डावीकडं बांध आहे आणि बांधापलीकडं चुलतभावाची तूर. हा भावकीचा नियम आहे. नियमावलीप्रमाणं हद्दीबाहेर गेलं की एक फेक दंड. आमच्याकडं हद्दीबाहेर गेलं की तलाठी.

"काय फेकायलाव रे?" तुरीतून आवाज आला आणि पाठोपाठ तबकडी छातीशी धरून दादा बांधावर आला. तिकडं कुणाच्याही मालकीच्या जंगलातून चालत जायला मुभा असते, हे भाचा त्याला समजावू लागला. दादानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू पोराला मीच पढवून आणलंय.

वातावरण निवळावं म्हणून भाच्यानं मोबाइल काढला. "मामा, यात फेक किती लांब गेली ते मोजता येतं. इथून चालत जायचं, आकडा येतो."

दादाचे डोळे चमकले. "चालत गेलं की मीटर येतेत?"

"हो."

"मग ह्या खुणेच्या दगडापासून त्या लिंबापर्यंत चाल बरं जरा."

भाचा चालला. दादा मागं, मी दादाच्या मागं, आमचा सालगडी साक्षीला. दगड ते लिंब, लिंब ते विहीर, विहीर ते परत दगड. आगटीतली कणसं करपली, आईनं दोनदा हाका मारल्या, पण बांधाचा विषय निघाल्यावर हुरड्याला कोण विचारतो? शेवटी आकडा आला. दादा खुलला, माझा चेहरा उतरला. ते पाहून भाचा घाईनं म्हणाला, "पण मामा, मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाचएक मीटरचा फरक पडू शकतो."

दादानं विचारलं, "कुणाच्या बाजूनं?"