केबल नेटच्या ‘पाच रामबाण उपायां’चा पंचनामा

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. ‘केबलचं नेट सारखं तुटतंय? कंपनीला फोन करून काही होत नाही, घरच्या घरी हे करा.’ पुढे पाच उपाय: मोठा प्लॅन घ्या, डीएनएस ८.८.८.८ टाका, मागच्या भोकात पिन घालून राउटर रिसेट करा, वायरीला बूस्टर लावा, आणि मोडेमचे (केबलची वायर ज्यात येते त्या डब्याचे) सगळे दिवे हिरवे असतील तर लाइन ठीक आहे असं समजा.

यातला एखादा उपाय कधीतरी कोणाला लागू पडलाही असेल. पण तुटतंय नक्की कुठे, हे यात कुठेच विचारलेलं नाही. मोबाइल आणि राउटरच्या मध्ये? मोडेम आणि जिन्यातल्या डब्याच्या मध्ये? की त्याच्याही पलीकडे? हे कळायला पाच मिनिटं लागतात. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) अखंड पिंग लावून ठेवा, म्हणजे ‘आहेस का?’ असं सारखं विचारत राहा. नेट गेलं की दोन्हींकडे बघा. राउटरचंच उत्तर येईनासं झालं तर दोष घरातल्या वायफायचा किंवा राउटरचा आहे, केबलवाल्याला शिव्या देऊ नका. राउटर नीट उत्तर देतोय आणि बाहेरचं पिंग मेलंय, तर मोडेम किंवा त्याच्या पुढची लाइन. कॉम्प्युटर लॅन केबलने जोडून हेच केलंत तर शंकेला जागाच राहत नाही.

आता उपाय एकेक करून घेऊ. मी बोलतोय ते कोअ‍ॅक्सबद्दल, म्हणजे टीव्हीच्या जाड गोल वायरीतून मोडेमला येणाऱ्या नेटबद्दल. फायबरवाल्यांचे आकडे वेगळे असतात.

‘मोठा प्लॅन घ्या.’ का? ५० एमबीपीएसची लाइन दर दहा मिनिटांनी तुटत असेल, तर २०० एमबीपीएस त्याच वायरीतून येणार आणि तेवढ्याच वेळा तुटणार. फक्त जास्त पैसे भरून. एक खरी अडचण मात्र आहे. कोअ‍ॅक्सवर अपलोड मुळातच तुटपुंजं असतं. घरात कोणाच्या फोनवरून लग्नाचे फोटो बॅकअपला चढत असतील, तर ते अपलोड भरून जातं, पिंग चढतं आणि मीटिंगमधला आवाज तुटायला लागतो. वाटतं नेट गेलं. बॅकअप थांबवून बघा, फुकटात काम होतं.

‘डीएनएस बदला.’ डीएनएसचं काम साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणं, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅप कॉल व्यवस्थित चाललाय पण साइट उघडत नाहीत, असं होत असेल तर जरूर बदला. कॉलही तुटत असेल तर तिथे डीएनएसचा संबंध नाही.

‘पिनने रिसेट करा.’ हा उपाय लिहिणाऱ्याला शोधून काढायला हवं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. पिन दाबून धरली की राउटरमधलं लॉगिनचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं. मग तुटणारं का होईना, जे नेट होतं तेही गेलं, आणि लाइनमन येईपर्यंत बसा हरी हरी करत.

‘दिवे हिरवे म्हणजे लाइन ठीक.’ इथेच सगळी गोम आहे. हिरवा दिवा म्हणजे मोडेम या क्षणी जोडलेला आहे, इतकंच. लाइनची खरी तब्येत मोडेमच्या आतल्या पानावर दिसते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका. काही ऑपरेटर हे पान बंद ठेवतात, पण उघडलं तर तीन आकडे बघा. येणाऱ्या सिग्नलची ताकद साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (ताकद मोजायचं एकक) आत असावी. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, ३३ डीबीच्या वर हवा. आणि मोडेम स्वतः परत पाठवतो ती ताकद (अपस्ट्रीम) ५० डीबीएमव्हीच्या पुढे गेली असेल तर समजा, वरपर्यंत पोचायला त्याला ओरडावं लागतंय. नोंदींमध्ये टी३ टाइमआउटची रांग लागलेली असेल तर मोडेमच्या हाकेला वरून उत्तर येत नाहीये. टी४ आला की मोडेम लाइन सोडून पहिल्यापासून जोडणी सुरू करतो. मध्येच दोन-तीन मिनिटं नेट जातं, ती बहुधा हीच. त्याच पानावर मोडेम किती वेळ चालू आहे तेही बघा. सकाळपासून चालू असलेला मोडेम वीस मिनिटं दाखवत असेल, तर तो स्वतःच बंद पडून चालू होतोय. अशा वेळी आधी अ‍ॅडॅप्टर बदला. जुने अ‍ॅडॅप्टर मोडेमवर लोड आला की मान टाकतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर उशिरा उचलत असेल तरी हेच होतं.

‘बूस्टर लावा.’ टीव्हीसाठी मिळणारे बरेचसे स्वस्त बूस्टर एकाच दिशेने चालतात. टीव्हीला फक्त ऐकायचं असतं, मोडेमला बोलायचंही असतं, त्यामुळे जाण्याची वाटच बंद होते. शिवाय बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणजे एसएनआर जिथल्या तिथे. उलट वायरीवरून काही काढता येतं का बघा. दोन तोंडांचा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) सुमारे साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सुमारे सात, येतानाही आणि जातानाही. बंद पडलेल्या सेटटॉप बॉक्ससाठी लावलेला स्प्लिटर आजही बऱ्याच घरांत टीव्हीच्या मागे लटकतोय. तो काढून वायर सरळ मोडेमला द्या. मोडेममागचा कनेक्टर हाताने घट्ट पिळा. आतली तांब्याची तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर टोक कापून नवीन कनेक्टर बसवावा लागतो.

राहिलं ‘फोन करून काही होत नाही’. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर नाहीच होत, समोरून ‘राउटर बंद-चालू करा’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी मोडेमच्या पानाचा फोटो काढा, किती वाजता तुटतं ते लिहून ठेवा, तक्रार क्रमांक मागा आणि सांगा: लॅन केबलवरही तुटतं, अपस्ट्रीम ५२ आहे, टी३ येतायत. पावसानंतरच बिघडत असेल तर लाइनमनदादांना घरातला मोडेम बदलू देण्याआधी गच्चीवरचा जोड उघडायला लावा, पाणी बहुधा तिथेच शिरलेलं असतं. आणि ते जायच्या आधी १९२.१६८.१००.१ पुन्हा उघडून आकडे बघून घ्या.