मीटर काकांच्या नावावर आहे म्हणून ठेव बेवारस होत नाही

गेल्या रविवारी वाईला मावशीकडे गेलो, तर फ्रिजवर चुंबकाखाली विजेची दोन बिलं, दोन्ही न भरलेली. मुदतीच्या आठवडाभर आधी बिल भरून टाकणारी ही बाई! विचारलं तर म्हणाली, "अरे, आता भरायचं नाही. सरकार भरणार आहे." आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

मेसेज लांबलचक, वर तिरंगा, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मजकूर असा: वीज मंडळाकडे लोकांनी जोडणी घेताना भरलेल्या ठेवी बेवारस पडून आहेत. 10 वर्षं कुणी मागितली नाही की ठेव सरकारजमा होते. मीटर मयत माणसाच्या नावावर असेल तर ती लगेचच बेवारस. आता या पैशातून गरजू घरांची बिलं भरली जाणार, अमेरिकेतही असंच करतात. म्हणून तीन महिने बिल भरू नका, थकबाकी दिसली तरच यादीत नाव येईल.

शेवटापासून सुरू करतो, कारण मावशी तिथेच फसली. थकबाकी ठेवली तर काय होतं ते विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 मध्ये लिहिलंय. लेखी नोटीस, पूर्ण 15 दिवसांची मुदत आणि मग जोडणी तोडायची. परत जोडून हवी तर थकबाकी भरा, वर तोडण्या-जोडण्याचा खर्चही भरा. यादी-बिदी त्यात कुठे नाही. कर्जमाफ्यांनी आपल्याला थकबाकीदार म्हणजे लाभार्थी असं वाटायची सवय लावलीय, हे मान्य. पण कर्ज थकलं म्हणून घरातला पंखा बंद पडत नाही. इथे पडतो. शिवाय घरगुती ग्राहकाची ठेव राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी. तीन महिन्यांची थकबाकी तिच्यातून भागणार तरी कशी?

आता 'मयत' प्रकरण. मीटर अजून काकांच्या नावावर आहे, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नाव बदलायचा अर्ज आम्ही भाचे मंडळींनीच टाळला, दोष आमचा. पण म्हणून ठेव बेवारस? त्याच कायद्याचं कलम 47(4) सांगतं की ठेवीवर बँक दरानं किंवा आयोग ठरवेल त्या जास्त दरानं व्याज द्यायचं, आणि ठेव ठेवणाऱ्यानं मागितली की ती परत करायची. तो गेला तर हक्क वारसाचा. मी फ्रिजवरचं बिल काढून मावशीच्या हातात दिलं. 'सुरक्षा ठेव' या शब्दांपुढे रक्कम छापलेली. तिचं व्याज वर्षातून एकदा बिलातून वळतं होतं. बेवारस मालावर कुणी दरवर्षी व्याज देतं का?

10 वर्षांची भानगड बँकांची आहे. 10 वर्षं हात न लावलेल्या खात्यांतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 2014 सालच्या निधीत जाते. तिथूनही खातेदार किंवा वारस ती मागू शकतो. विजेच्या ठेवीशी त्याचा संबंध नाही. आणि 'वीज मंडळ' 2005 मध्येच तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झालं. मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही ठाऊक नाही.

राहिली अमेरिका. इथे मात्र नाइलाजानं थोडं मान्य करावं लागतं. कोलोरॅडो राज्यात कायदाच आहे: वीज-गॅस कंपन्यांकडे पडून राहिलेल्या ठेवी कमी उत्पन्नाच्या घरांच्या ऊर्जाखर्चासाठी वळवतात. 1989 पासूनची 'एनर्जी आउटरीच कोलोरॅडो' ही संस्था त्यातूनही अशा कुटुंबांना मदत करते. कल्पना वाईट नाही. घर सोडून गेलेले किती भाडेकरू ठेव मागायला परत येतात? महाराष्ट्रात असं काही आलं तर मी विरोध करणार नाही. पण ते एका राज्याच्या विधिमंडळानं केलं, आणि मदत उत्पन्न बघून मिळते, तिरंग्याखालचा मेसेज बघून नाही.

दोन्ही बिलं तिथेच मोबाइलवरून भरली. नाव बदलायचा अर्ज या आठवड्यात करायचं ठरलं, काकांचा मृत्यूचा दाखला कपाटात सापडला. मावशीनं तो मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकला होता. मी निघालो तेव्हा ती एकेकीला फोन लावत होती.